रत्नागिरीतून जर्मनीला एमएससी: कागदपत्रं कुठून सुरू करायची? सामाईक सातबाऱ्यावर कर्ज मिळतं का?

कातळकडा

नमस्कार मंडळी,

रत्नागिरी जिल्ह्यात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉलेज मुंबई विद्यापीठाशी संलग्न. सातव्या सेमिस्टरपर्यंत सीजीपीआय (सरासरी श्रेणी) दहापैकी ७.६. एम-थ्रीला (गणिताचा पेपर) एक केटी होती, म्हणजे एकदा नापास झालो होतो, ती सुटली. जर्मनीत सरकारी विद्यापीठात इंग्रजी माध्यमातून एमएससी करायचं आहे. इंग्रजीची आयईएलटीएस परीक्षा द्यायची आहे, जर्मन ए-वन (भाषेची पहिली पातळी) ऑनलाइन चालू आहे.

जुने धागे वाचले. माहिती खूप आहे, पण बहुतेक पुण्या-मुंबईच्या मुलांना धरून लिहिलेली आहे. आमच्याकडचे प्रश्न जरा वेगळे आहेत. आठव्या सेमिस्टरचा निकाल लागेपर्यंत थांबायचं की आत्ताच अर्ज करायचे? गुणपत्रकावर माझ्या नावाचं स्पेलिंग एक आहे आणि पासपोर्टवर दुसरं. आणि मुख्य म्हणजे पैसे. वडिलांचा आंब्याचा धंदा, आयटी रिटर्न कधी भरलेलं नाही. जमीन आहे, कलमं आहेत, पण सातबारा आजोबांच्या नावावर असून वारसांत मुंबईचे दोन काका आणि आत्या आहेत. एजंट म्हणतो, "जमीन आहे ना, मग कर्जाचं टेन्शन नको." शाखेत गेलो तर तिथे शेतजमीन चालत नाही म्हणून सांगितलं. नक्की काय?

तिथे पोचल्यावर महिन्याला खर्च किती धरायचा, हेही कोणी नीट सांगितलं तर बरं होईल.

---

आखेनची_वाट

कातळकडा, आधी वेळेचं बोलूया. बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं. आपल्यासारख्या परदेशी अर्जदारांसाठी बऱ्याच विद्यापीठांची मुदत मार्च ते मेअखेर असते, काहींची १५ जुलै. तुझा आठव्याचा निकाल जून-जुलैत किंवा त्याहून उशिरा येणार. काही विद्यापीठं शेवटचं सेमिस्टर सोडून बाकीच्या गुणांवर तात्पुरता प्रवेश देतात, पण नोंदणीच्या वेळी पदवी पूर्ण झाल्याचा कागद मागतातच. त्यात एपीएस (कागदपत्र-पडताळणी, खाली सांगतो), कर्ज आणि व्हिसा या तिन्ही गोष्टी त्याच चार महिन्यांत बसवायच्या. रत्नागिरीहून दर कामाला मुंबई गाठावी लागणार असेल तर हे जमवणं फार अवघड आहे. माझं स्पष्ट मत: निकाल हातात घे, मधलं वर्ष नोकरी किंवा इंटर्नशिपला दे, जर्मन बी-वनपर्यंत ने आणि पुढच्या हिवाळी सत्राला नीट अर्ज कर. उन्हाळी सत्र एप्रिलला सुरू होतं, त्याची मुदत साधारण १५ जानेवारी. पण त्या सत्राला प्रवेश देणारे अभ्यासक्रम कमी असतात.

आता नावाचं. हे काम सगळ्यात आधी हातात घे. मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग तुझं, वडिलांचं आणि आईचं नाव येतं. पासपोर्टवर आईचं नाव नावाच्या रकान्यात नसतं. हा फरक नेहमीचा आहे, त्याने अडत नाही. अडतं ते स्पेलिंगने, आणि कोकणात आणखी एका गोष्टीने: दाखल्यावर एक आडनाव, आधार-पासपोर्टवर गावावरून पडलेलं दुसरं. दहावीचं प्रमाणपत्र पायाभूत धर. पासपोर्ट चुकीचा असेल तर तो नव्याने काढ. गुणपत्रक चुकीचं असेल तर पदवी प्रमाणपत्र छापून येण्याआधी कॉलेजमार्फत दुरुस्तीचा अर्ज टाक. प्रमाणपत्र छापल्यावर हेच काम कितीतरी पट लांबतं. आडनावच वेगळं असेल तर नुसतं प्रतिज्ञापत्र पुरेसं धरू नको, महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नाव-बदल प्रसिद्ध करून घे.

निकाल लागला की कलिन्याला, विद्यापीठात, ट्रान्सस्क्रिप्टचा (सगळ्या गुणांच्या अधिकृत उताऱ्याचा) अर्ज. सीलबंद पाकिटातल्या पाच-सहा प्रती एकदमच माग, परत परत खेप नको. सगळ्या सेमिस्टरची गुणपत्रकं लागतात, केटीच्या विषयाची नापास आणि पास अशी दोन्ही. फक्त पासाची जोडली की सेमिस्टरचा हिशोब जुळत नाही आणि विचारणा येते. एका सुटलेल्या केटीने प्रवेश अडत नाही, ती चिंता सोड.

एपीएस म्हणजे तुझी कागदपत्रं खरी असल्याचं प्रमाणपत्र. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी ते सक्तीचं आहे. शुल्क १८,००० रुपये. काही आठवड्यांत येतं, पण हंगामात दोन-तीन महिने धरून चाल. अर्जाच्या मुदती जवळ आल्या की सगळेच तिथे गर्दी करतात, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरातच टाकून मोकळा हो.

गुणांचं गणित असं. जर्मनीत १ सर्वोत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम पास. सूत्र: (कमाल गुण वजा तुझे गुण) भागिले (कमाल वजा पासापुरते किमान गुण), त्याला ३ ने गुणायचं आणि १ मिळवायचा. तुझे ७.६, कमाल १०, किमान ४ धरले तर २.४ भागिले ६ म्हणजे ०.४, गुणिले ३ म्हणजे १.२, अधिक १, उत्तर २.२. बऱ्याच ठिकाणी २.५ पर्यंत चालतं, म्हणजे तुला वाव आहे. टक्केवारीत बदलून मग सूत्र लावलं तर आकडा वेगळा येतो, म्हणून विद्यापीठ कुठल्या पद्धतीने मोजतं ते अर्जाआधी ईमेल करून विचार.

गुणांपेक्षा जास्त अर्ज नाकारले जातात ते विषय न जुळल्याने. थर्मोडायनॅमिक्स, मशीन डिझाइन, कंट्रोल, गणित या विषयांचे इतके क्रेडिट हवेत, अशी अट अभ्यासक्रमाच्या नियमावलीत लिहिलेली असते. मुंबई विद्यापीठाच्या सिलॅबसमधून प्रत्येक विषयाचे तास, क्रेडिट आणि चार ओळींत आशय असा तक्ता बनव. दोन दिवसांचं काम आहे, पण हाच तक्ता प्रत्येक अर्जाला लागतो.

अनेक विद्यापीठं अर्ज युनि-असिस्ट या अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत घेतात. पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३० युरो. काही ठिकाणी आधी व्हीपीडी नावाचा गुण-पडताळणीचा कागद त्यांच्याकडून घ्यावा लागतो, त्याला चार-सहा आठवडे धर. सात-आठ अर्ज पुरेत.

फीबद्दल: सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षण शुल्क नाही, फक्त सत्र-वर्गणी, साधारण १०० ते ४०० युरो. पण बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात, म्हणजे श्टुटगार्ट, कार्ल्सरूहं, फ्रायबुर्ग वगैरे, युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो आहेत. म्युनिकच्या टेक्निकल विद्यापीठानेही २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून शुल्क लावलं, मास्टर्सला सत्राला ४,००० ते ६,००० युरो. आणि तो एजंट खाजगी विद्यापीठाचं नाव घेत असेल तर सावध हो. सरकारी विद्यापीठ एजंटला कमिशन देत नाही, खाजगी देतं. त्याचा सल्ला कुठून येतो ते त्यावरून कळेल.

आयईएलटीएस मुंबई, पुणे किंवा गोव्यात दे. ६.५ बहुतेक ठिकाणी पुरतात. निकाल दोन वर्षं चालतो, म्हणून आत्ता दिलीस तरी पुढच्या वर्षी वाया जात नाही.

---

निवृत्त_शाखाधिकारी

बाळा, शाखेत तुला खरं सांगितलं. शेतजमीन का चालत नाही ते समजून घे, म्हणजे घरात उगाच वाद होणार नाहीत.

बँक तारण घेते ते कर्ज थकलं तर विकून वसूल करता यावं म्हणून. त्यासाठी बँकांच्या हाती सरफेसी कायदा आहे, आणि त्याच कायद्याच्या कलम ३१ (आय) मध्ये शेतजमीन वगळलेली आहे. म्हणजे तुमच्या बागेची किंमत कोटीत असली तरी बँकेला ती त्या मार्गाने विकता येत नाही. शाखाधिकाऱ्याच्या मर्जीचा इथे प्रश्नच नाही.

दुसरं, सामाईक सातबारा. आजोबा गेले असतील तर आधी वारस नोंद करून घ्या. ई-हक्क प्रणालीवर अर्ज करता येतो. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) फेरफार धरतो, नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी मंजूर करतो. कर्ज घ्या वा न घ्या, हे राहू देऊ नका. आत्याचं नाव वगळून "नंतर बघू" म्हणायचा मोह होतो. तिथेच पुढे फेरफार रद्द होतो.

इतर हक्कांच्या रकान्यात "कुळकायदा कलम ४३" असा शेरा आहे का बघा. आपल्या भागात पुष्कळ सातबाऱ्यांवर आहे. असेल तर ती जमीन परवानगीशिवाय विकता वा गहाण टाकता येत नाही.

घर चालेल का? वाडीतलं घर बहुधा सातबाऱ्याच्या जमिनीवर बांधलेलं असतं आणि कागद म्हणून फक्त ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा असतो. तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नाही. घर गावठाणात असेल आणि स्वामित्व योजनेतून मिळकत पत्रिका मिळाली असेल तर शाखेत विचारून बघण्यासारखं आहे. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत घर असेल तर बिनशेतीचा मार्ग तहसीलमध्ये विचारा. पण तेवढ्यासाठी घाईघाईत वाटप करू नका. सहा महिन्यांत कर्ज हवं म्हणून केलेलं वाटप पुढे तीस वर्षं भांडणात जातं.

चालतं ते असं: बँकेतली मुदत ठेव, एलआयसी पॉलिसीचं समर्पण मूल्य, बिनशेती प्लॉट, शहरातला नोंदणीकृत फ्लॅट. फ्लॅट नातेवाइकाचा असला तरी चालतो, मात्र तो जामीनदार म्हणून सही करायला हवा. त्याला आधीच स्वच्छ सांगा की तुझं कर्ज थकलं तर त्याच्या घरावर येईल. बँक पॅनेलवरच्या वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट आणि व्हॅल्युअरचा अहवाल मागते. दोन्हींचा खर्च तुमचा, कर्ज नामंजूर झालं तरी परत मिळत नाही. म्हणून सर्च लावण्याआधी कागदांच्या झेरॉक्स शाखेत दाखवून तोंडी होकार घ्या.

बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत तारण नाही, साडेसात लाखांपर्यंत तारणाविना भागू शकतं, त्यापुढे तारण. परदेशी शिक्षणाला ४ लाखांवरच्या कर्जात १५ टक्के तुमचे. तुझा खर्च मांडू. जर्मनीचं ब्लॉक खातं, म्हणजे राहण्याच्या खर्चाचे पैसे व्हिसाआधी भरून ठेवायचं आणि मग महिन्याला ठरावीक रक्कम सुटणारं खातं, सध्या वर्षाला ११,९०४ युरो. युरो १०० रुपये धरला तरी ११ लाख ९० हजार, आणि तो त्याच्या वर गेलेला आहे. त्यात तिकीट, विमा, एपीएस, व्हिसा, पहिल्या महिन्याचं डिपॉझिट. म्हणजे १५ लाखांच्या घरात गेलं. साडेसातमध्ये बसत नाही, तारण लागणारच.

वडिलांच्या उत्पन्नाचं: शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्याने रिटर्न नाही, हे बँकेला माहीत असतं. पण नुसत्या शब्दावर काम होत नाही. तहसीलदारांचा उत्पन्न दाखला, वाशी बाजारातल्या दलालाच्या पट्ट्या, कॅनिंगला दिलेल्या मालाची बिलं आणि हे पैसे खात्यात जमा झाल्याच्या नोंदी, अशी तीन हंगामांची फाइल करा. रोखीने विकलेला माल बँकेला दिसत नाही. येत्या हंगामापासून पट्टीचे पैसे खात्यावरच घ्या. पीक कर्ज असेल तर ते वेळेत नवं-जुनं झालेलं हवं, थकबाकी सिबिलवर दिसते. घरात पगारदार भाऊ-बहीण असेल तर त्यांना सहकर्जदार करा, फाइल खूप हलकी होते.

मंजुरीपत्र घेताना एक वाक्य नीट वाच. बँकेची सवय अशी की फी सत्रागणिक विद्यापीठाला द्यायची. जर्मनीत फीच नाही, सगळा खर्च राहण्याचा, आणि तो व्हिसाआधी एकरकमी ब्लॉक खात्यात जायला हवा. तसा स्पष्ट उल्लेख मंजुरीपत्रात नसेल तर पैसे सुटायच्या दिवशी शाखा प्रादेशिक कार्यालयाला पत्र लिहीत बसते आणि तुझी व्हिसाची तारीख जाते.

कर्जातून पाठवलेल्या पैशावर १ एप्रिल २०२५ पासून टीसीएस (पैसे पाठवतानाच कापला जाणारा कर) नाही. स्वतःच्या पैशातून पाठवलात तर वर्षाला १० लाखांवरच्या रकमेवर कापतात; तो वाया जात नाही, रिटर्नमध्ये वळता होतो, पण त्यासाठी रिटर्न भरावं लागतं. पुढे हप्त्यातल्या व्याजावर आयकरात आठ वर्षं वजावट मिळते, जुन्या कर-पद्धतीत असशील तरच. शिकत असताना नुसतं व्याज भरत राहिलात तर पुढचा हप्ता बराच कमी बसतो. जमेल तेवढं भरा.

राज्य शासनाच्या परदेशी शिष्यवृत्त्याही बघ: अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची, तशाच इतर मागास, भटक्या-विमुक्त प्रवर्गांसाठी आणि सारथीची. उत्पन्न मर्यादा ८ लाख आणि विद्यापीठ क्यूएस या जागतिक क्रमवारीत पहिल्या २०० मध्ये हवं, ही मुख्य अट. जर्मनीतली मोजकीच त्यात येतात, म्युनिक, आखेन, कार्ल्सरूहं अशी. जाहिरात आली की मुदत थोडी असते, जातवैधता आणि दाखले आधीच तयार ठेव.

---

कातळकडा

काका, खूप आभार. वडिलांना वाचून दाखवलं. धाकट्या काकांचा डोंबिवलीत फ्लॅट आहे, सोसायटी नोंदणीकृत आहे, काका तयार आहेत. पण त्यांचं गृहकर्ज अजून चालू आहे.

---

निवृत्त_शाखाधिकारी

मग मूळ करारनामा त्यांच्या बँकेकडे गहाण आहे. दुसऱ्या बँकेला त्यावर दुय्यम बोजा लागतो, त्याला पहिल्या बँकेची लेखी संमती हवी, आणि ती सहसा मिळत नाही. सरळ वाट म्हणजे ज्या बँकेचं गृहकर्ज आहे तिथेच तुझं शैक्षणिक कर्ज मागा. फ्लॅटची आजची किंमत वजा शिल्लक कर्ज, यातून तुझी रक्कम निघते का ते तीच बँक पटकन सांगते. शिल्लक दोन-तीन लाखच असेल तर ती फेडून, बोजा उतरवून, मोकळ्या फ्लॅटवर नवं कर्ज घेतलेलं बरं. काकूंचं नाव करारात असेल तर त्यांचीही सही लागेल, त्यांना आत्ताच विचारा. आणि सोसायटीचं ना-हरकत पत्र आणि शेअर सर्टिफिकेट. हे सर्टिफिकेट अनेकांनी ताब्यातच घेतलेलं नसतं, सोसायटीच्या कपाटात पडून असतं.

आणखी एक. वारस नोंदीत पुढे तुझंही नाव येणार असेल तर जाण्याआधी वडिलांच्या किंवा भावाच्या नावे नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र करून जा. तिकडून करायचं झालं तर भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकन, मग कागद इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक. एका सहीसाठी एवढं करावं लागतं.

---

श्रावणसर

खर्चाचं आणि पोचल्यावरचं मी लिहिते.

ब्लॉक खात्यातून महिन्याला ९९२ युरो सुटतात. त्यात खोली ३०० ते ४५०, म्युनिकला याहून बरीच जास्त. विद्यार्थ्यांचा सरकारी आरोग्य विमा दीडशे युरोंच्या आसपास. या दरासाठी वय ३० च्या आत हवं. घरी रांधलं तर खाणं दोनशेच्या आत-बाहेर. रेडिओ-टीव्हीची वर्गणी १८.३६ युरो, टीव्ही नसला तरी घरटी द्यावीच लागते. एकत्र राहणाऱ्यांनी मिळून एकच भरायची. फोन दहा-पंधरा. लोकल प्रवास बहुतेक ठिकाणी सत्र-वर्गणीतल्या तिकिटात येतो. म्हणजे माग्डेबुर्ग, कायझर्सलाउटर्नसारख्या गावी ९९२ मध्ये नीट भागतं, म्युनिक-फ्रँकफुर्टला ओढाताण होते. विद्यापीठ निवडताना गाव आणि खोलीचं भाडंही बघ, नुसतं नाव नको.

काम: वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस करता येतं. किमान मजुरी २०२६ मध्ये तासाला १३.९० युरो, आणि मिनीजॉबची (छोट्या अर्धवेळ नोकरीची) मर्यादा महिन्याला ६०३ युरो. पण पहिल्या सत्रात काम मिळेलच असं धरून कर्ज कमी घेऊ नको. भाषा नसली की काम गोदामातलं मिळतं, रात्रपाळीचं, आणि पहिल्याच परीक्षांवर त्याचा परिणाम होतो. बी-वन असेल तर विद्यापीठातलं सहायकाचं काम किंवा कंपनीतली विद्यार्थी-नोकरी आवाक्यात येते.

व्हिसाचा अर्ज आता कॉन्सुलर पोर्टलवर आधी भरायचा, मग मुंबईत व्हीएफएसला, म्हणजे व्हिसा अर्ज केंद्रात, प्रत्यक्ष जायचं. शुल्क ७५ युरो, रुपयांत. प्रेरणापत्र एजंटच्या साच्यातलं असेल तर तपासणाऱ्याला लगेच कळतं. हाच अभ्यासक्रम का, आधी काय शिकलास आणि पुढे काय, एवढंच स्वतःच्या शब्दांत लिही. पूर्वी नकार आला तर फेरविचारासाठी लेखी अर्ज करता यायचा, ती सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली. आता नव्याने अर्ज किंवा थेट न्यायालय. म्हणून पहिला अर्जच पक्का हवा.

खोलीसाठी प्रवेशपत्र आलं त्याच दिवशी विद्यार्थी-वसतिगृहाच्या संस्थेकडे नाव घाल. रांग महिन्यांची असते. खाजगी खोली शोधताना "मी परदेशात आहे, चावी कुरियरने पाठवतो, आधी डिपॉझिट भरा" असा मेल आला तर तो फसवणुकीचा समज, एक युरोही पाठवू नको. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांचं मूळ भाडं, तेही तीन हप्त्यांत देता येतं.

पोचल्यावर दोन आठवड्यांत पालिकेत पत्त्याची नोंदणी, त्यांच्या भाषेत आनमेल्डुंग. त्यासाठी घरमालकाने सही केलेला एक वेगळा फॉर्म लागतो, नुसता भाडेकरार चालत नाही. करार करतानाच विचार: "नोंदणीचा फॉर्म देणार का?" नाही म्हणाला तर ती खोली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नको. कारण नोंदणी नाही तर कर क्रमांक नाही, बँक खातं रखडतं, आणि चालू खातं नाही तर ब्लॉक खात्यातले पैसेच सुटत नाहीत. म्हणून पहिल्या सहा-आठ आठवड्यांचा खर्च, हजार-बाराशे युरो, फॉरेक्स कार्डवर आणि थोडे रोख असे वेगळे ने. एंट्री व्हिसाची मुदत मोजकीच असते. परदेशी नागरिक कार्यालयाची वेळ मिळायलाच दीड-दोन महिने जातात, तेव्हा नोंदणी झाल्या दिवशीच ती माग.

विमान शक्यतो मंगळवार-बुधवारी उतरेल असं बघ. रविवारी दुकानं बंद, कार्यालयं शनिवारीही बंद. शनिवारी रात्री रिकाम्या खोलीत पोचलं की सोमवारपर्यंत गादी नाही आणि दूधही नाही.

आणि एक गोष्ट आपल्याकडच्या मुलांना मुद्दाम सांगायची आहे. थंडीत खोलीची खिडकी बंद ठेवून आत कपडे वाळत घालायचे, भात शिजवायचा, गरम पाण्याने अंघोळ करायची आणि हीटर लावून बसायचं, असं केलं की महिन्याभरात बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात, कपाटामागे काळी बुरशी धरते. हवेतली गरम वाफ थंड भिंतीवर गारठून पाणी होते. आपल्याकडे पावसाळ्यात चामड्याच्या चपलांवर येते तशीच ही बुरशी, पण तिकडे तिचे पैसे डिपॉझिटमधून जातात. उपाय सोपा आहे: दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून खिडकी पूर्ण उघडायची, पाच ते दहा मिनिटं, मग पूर्ण बंद. दिवसभर फटीएवढी उघडी ठेवली तर भिंत आणखी थंड होते आणि बुरशी वाढते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेव. भाडेकरारात हवा खेळती ठेवायची अट बहुधा लिहिलेली असते, ती वाच.

---

तिरफळ

सामानाचं राहिलं, ते सांगतो. युरोपीय संघाचे नियम पक्के आहेत आणि विमानतळावर बॅग उघडली जाऊ शकते.

मांस आणि दुधाचे पदार्थ अजिबात नाहीत. म्हणजे तूप, खव्याचे मोदक, पेढे, मावा घातलेली आंबावडी घरीच ठेवायची. आईने कितीही आग्रह केला तरी. ताजी फळं रोगमुक्ततेच्या सरकारी दाखल्याशिवाय नाहीत, हापूसची पेटीही त्यातच आली. दाखल्यातून सुटलेली फळं पाचच: केळं, अननस, नारळ, खजूर आणि ड्युरियन. नारळ तिकडे चालतो, पण सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमान कंपनीच घेत नाही, तेलामुळे पेट घेण्याचा धोका म्हणून. वाटलेलं, भाजून मसाल्यात मिसळलेलं खोबरं जातं.

सुकी मासळी चालते! वैयक्तिक वापरासाठी माणशी २० किलोपर्यंत मुभा आहे. सोडे, सुकट, सुके बांगडे कडकडीत उन्हात पुन्हा एकदा वाळवून व्हॅक्यूम पॅक करायचे, दोन थर, वर हवाबंद डबा. वास बाहेर आला तर विमान कंपनी बॅग नाकारू शकते. सामाईक स्वयंपाकघरात मात्र सुकट भाजण्याआधी सोबत्यांना विचार, पहिल्याच आठवड्यात वाईटपणा नको.

कुळीथ पीठ, आमसुलं, मालवणी मसाला, तिरफळं, आंबापोळी, फणसपोळी हे सगळं बिनधास्त ने, पाकिटावर इंग्रजीत नाव लिहून. कोकमाचं आगळ आणि लोणचं चेक-इनमध्येच, झाकणाला टेप आणि दोन पिशव्या. तांदूळ-डाळ वजनात घालवू नको, तिथे मिळतात. पाच लिटरचा नको, दोन-तीन लिटरचा कुकर ने, आणि त्याचे दोन जादा गॅस्केट. तिकडे विजेची शेगडी असते, इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर तापत नाही. स्टीलचा, इंडक्शनवर चालणाराच घे.

जायच्या प्रवासाचं आत्तापासून डोक्यात ठेव. हिवाळी सत्रासाठी निघायचं ते सप्टेंबरात, म्हणजे गणपतीच्या आगेमागे. विसर्जनानंतर चाकरमानी परतत असताना रत्नागिरी-मुंबई गाडीत पाय ठेवायला जागा नसते, आणि कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रकही तेव्हा चालूच असतं, गाड्या हळू. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, विमानाचं तिकीट काढलंस की त्याच दिवशी रेल्वेची तारीख कॅलेंडरवर लाव. उड्डाणाच्या आदल्या दिवशी नाही, दोन दिवस आधी मुंबईत पोच. दरड कोसळली आणि मार्ग बंद झाला तर रस्त्याने जायला वेळ हाताशी राहतो. सिंधुदुर्गातून कोणी वाचत असेल तर गोव्यातल्या मोपा विमानतळाहून मुंबई किंवा दिल्लीचं जोड-विमान बघा, फक्त दोन्ही तिकिटं एकाच बुकिंगमध्ये काढा. वेगवेगळी काढलीत आणि पहिलं विमान पावसाने उशिरा सुटलं तर दुसऱ्याचे पैसे गेले.

---

कातळकडा

ताई, दादा, काका, सगळ्यांचे मनापासून आभार. सोमवारी वडील वारस नोंदीचा अर्ज करतायत, आत्याशी बोलणं झालं. नाव-दुरुस्तीचा फॉर्म कॉलेजच्या ऑफिसातून आणलाय. त्यात मूळ दहावीचं प्रमाणपत्र जमा करायला सांगितलंय, ते द्यायचं का?

---

आखेनची_वाट

मूळ प्रत हातातून सोडू नको. साक्षांकित प्रत दे आणि मूळ समोर दाखव. अगदीच अडले तर तारीख आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय देऊ नको, आणि त्याआधी दोन्ही बाजूंचं रंगीत स्कॅन करून ठेव. एपीएसला तेच लागणार आहे.